नवे खगोलीय स्रोत: नाव जागेवरून द्यावं की तारखेवरून?

आकाशाचा सर्व्हे हातात घेतला की पहिले काही स्रोत टोपणनावांवर निभावतात. यादी वाढली की पद्धत ठरवावी लागते आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आकाशातली जागाच नावात घाला: विषुवांश, क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा), झालं. दुसरा म्हणतो, सापडल्याचं वर्ष किंवा तारीख घ्या आणि पुढे अक्षरं लावत जा. आमच्या छोट्या गटातही हेच झालं. मी कुठे झुकलो ते पुढे येईलच, पण जागेवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते त्याहून भक्कम आहे.

सरळ अनुक्रमांकांचा विचार आम्ही फार केला नाही. ड्रेयर यांनी १८८८ मध्ये एनजीसी ही तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिकांची यादी छापली तेव्हा ७,८४० स्रोत विषुवांशाच्या क्रमाने लावून दिले होते. पुढे सापडलेल्यांना मधे शिरायला जागाच नव्हती, म्हणून आयसी नावाच्या पुरवण्या काढाव्या लागल्या. आणि २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दीर्घिकांच्या महासमूहाला दिलेलं ‘सरस्वती’ हे नाव देखणंच आहे, पण ते तशाच मोठ्या शोधाला शोभतं. रोज सकाळी मशीनने काढलेल्या उमेदवारांची बारशी कोण घालत बसणार?

तर जागेवरून नाव. याचा मोठा गुण म्हणजे कुणाची परवानगी लागत नाही, कुठे नोंदणीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. दुसरा गुण निरीक्षकाला कळतो. पीएसआर जे०५१४-४००२ए (पीएसआर म्हणजे पल्सार, नियमित रेडिओ स्पंद सोडणारा तारा) हे नाव वाचलं की क्रांती उणे ४० अंश आहे हे समोरच दिसतं. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जिथे आहे त्या खोडदचा अक्षांश साधारण १९, म्हणजे हा पल्सार दक्षिण क्षितिजावर फार तर ३१ अंश चढणार. ऑब्झर्व्हिंगचा वेळ मागताना हा हिशेब नाव वाचता वाचता होऊन जातो. शेवटचा ‘ए’ सांगतो की याच जागी आणखीही कुणी सापडू शकतं, आणि ते खरंच आहे, कारण जीएमआरटीने शोधलेला हा पल्सार एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात आहे. एका नावात इतकी माहिती तारीखवाल्यांकडे नाही, हे मान्य.

मग अडतं कुठे? पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे (भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे) निर्देशांक सरकतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी थांबत नाही. जॉसलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेला पहिला पल्सार आधी सीपी १९१९ होता, १९५० च्या निर्देशांकांप्रमाणे बी१९१९+२१ झाला आणि २००० च्या निर्देशांकांप्रमाणे जे१९२१+२१५३. जुने पेपर शोधताना तिन्ही नावं टाकावी लागतात. वैताग आहे, पण सवय होते.

जागा सुधारली की नाव वाढतं, हा दुसरा वैताग. जीएमआरटीच्या एका अँटेनाचा बीम, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, कमी फ्रीक्वेन्सीला एक अंशाहून मोठा असतो. तेव्हा पल्सार सापडतो त्या दिवशी क्रांतीच्या मिनिटांवर हात ठेवून सांगता येत नाही, नावात नुसते अंश घालावे लागतात. पुढे टायमिंग (स्पंदांच्या वेळांची मोजणी) होतं, जागा पक्की होते आणि नावाला दोन आकडे जोडले जातात. म्हणजे शोधाच्या पेपरात एक नाव, टायमिंगच्या पेपरात दुसरं. हेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच होतं, आणि ऐकायला अगदी क्षुल्लक वाटेल. नाव बनवताना निर्देशांकाचे जादा आकडे कापायचे असतात, जवळच्या पूर्णांकात न्यायचे नसतात. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेचे संकेत याबाबत स्वच्छ आहेत. पण हे संकेत वाचायला किती जण थांबतात? पीएसआर जे१०२३+००३८ घ्या. त्याचे विषुवांश १० तास २३ मिनिटं ४७.७ सेकंद, क्रांती अधिक ० अंश ३८ मिनिटं ४१ सेकंद. कापलं तर जे१०२३+००३८. एखाद्याच्या प्रोग्रॅमने शिरस्त्याप्रमाणे राउंड केलं, तर जे१०२४+००३९. दोन्ही आकडे हलले आणि कागदावर नवीन स्रोत जन्माला आला. आमच्या यादीत अशा जोड्या निघायला लागल्या. एकाच स्रोताला एका स्क्रिप्टने एक नाव दिलेलं, दुसरीने दुसरं, आणि दोन्ही स्क्रिप्ट आपापल्या जागी बिनचूक चालणाऱ्या.

त्यातही विषुववृत्ताच्या जरा खाली असलेले स्रोत फार छळतात. क्रांती उणे ० अंश ४० मिनिटं असेल आणि अंश पूर्णांकाच्या रकान्यात ठेवले, तर उणे शून्य म्हणजे शून्यच, चिन्ह गळून पडतं आणि स्रोत उत्तर गोलार्धात जातो. उणे ५.३ चं कुणी ‘फ्लोअर’ (खालचा पूर्णांक) घेतलं तर उणे ६ येतात, नुसतं कापलं तर उणे ५. उत्तरेला याच दोन आज्ञा एकसारखं उत्तर देतात, त्यामुळे चाचणी उत्तरेच्या स्रोतांवर घेतली तर काहीच कळत नाही. शिवाय पीडीएफमधून उचललेलं उणे चिन्ह आणि कीबोर्डवरची आडवी रेघ कॉम्प्युटरच्या लेखी एक नसतात, आणि वेबपत्त्यातलं अधिक चिन्ह समोरच्या टोकाला कोरी जागा बनून पोचतं. नाव डोळ्यांना तेच दिसतं, शोधलं की ‘सापडलं नाही’.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. जे नाव कुणीही गणिताने काढू शकतो, ते कुणीही निराळं काढू शकतो. नाव कुणीतरी एकदा द्यावं आणि बाकीच्यांनी नुसतं उतरवून घ्यावं.

तारखेची पद्धत हेच करते. लघुग्रहांचं २०२४ वायआर४ बघा. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आर हे ‘आय’ वगळून सतरावं अक्षर. ४ म्हणजे पंचवीस अक्षरांच्या चार फेऱ्या आधीच झालेल्या. थोडक्यात, त्या पंधरवड्यातला ११७ वा. चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला २७ डिसेंबरला तो दिसला. फेब्रुवारीत पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या वर गेली आणि मग जवळपास शून्यावर आली. कक्षेचे आकडे रोज बदलत होते, नावातलं अक्षरही हललं नाही.

याहून बोलकं उदाहरण २०१७ यू१ चं. आधी धूमकेतू समजून सी/, मग लघुग्रह समजून ए/, आणि शेवटी सूर्यमालेबाहेरचा पहिला पाहुणा म्हणून १आय/, नाव ओमुआमुआ. काही आठवड्यांत तीन उपसर्ग झाले, पण ‘२०१७ यू१’ जागच्या जागी. सुपरनोव्हांचंही तसंच: वर्णपट मिळेपर्यंत एटी, मिळाला की एसएन. २०२३ आयएक्सएफ हे शेपूट दोन्हीकडे एकच. वस्तूबद्दलचं मत उपसर्गात ठेवा, ओळख शेपटात, ही वाटणी मला फार आवडते.

या पद्धतीतही गोम आहेच. पहिली म्हणजे नोंद ठेवणारा कुणीतरी लागतो, आणि तो सावकाश असेल तर लोक आपापली नावं चालवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा जो प्रकाश दिसला, तो एसएसएस१७ए होता, डीएलटी१७सीके होता आणि एटी २०१७ जीएफओही होता. नुसत्या तारखेवर विसंबलं तर वेगळीच पंचाईत. जलद रेडिओ स्फोट एफआरबी १२११०२ असे सहा आकड्यांत लिहीत असत. एका दिवसात अनेक सापडायला लागल्यावर ते एफआरबी २०१२११०२ए करावं लागलं. गुरुत्वीय लहरींना तर २१ मे २०१९ ला एकाच दिवशी दोन घटना मिळाल्या, आणि एकीच्या नावात तास-मिनिट-सेकंद घुसले. आपल्याकडची आणखी एक गोष्ट: पहाटे तीनला स्रोत दिसला तर घड्याळात आज असतो, यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, अजून काल. हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

म्हणून वर्ष आणि क्रमाक्षरं. पूर्ण तारीख नको. आम्ही तेच घेतलं, आणि निर्देशांक वेगळ्या रकान्यात, त्यांच्या त्रुटीसकट. जागेवरून शोधायचंच असेल तर नाव कशाला वाचायचं? विषुवांश, क्रांती आणि त्रिज्या दिली की कुठलाही कॅटलॉग आसपासचं सगळं काढून देतो. नावात जागा घालण्याची गरज छापील याद्यांच्या काळात जास्त होती, असं माझं मत. चूकही असेल.

पल्सारवाल्यांना मी हे पटवायला जाणार नाही. त्यांची जे-नावं इतकी रुळली आहेत की बदलण्यात नुकसानच जास्त. तुमचे स्रोत स्थिर असतील, जागा सुरुवातीपासून सेकंदाच्याही अपूर्णांकापर्यंत पक्की असेल आणि नाव काढणारी स्क्रिप्ट एकच असेल, तर जागेवरूनच ठेवा, सुखी राहाल. पण स्रोत हलणारे, क्षणिक किंवा अंधूक जागेचे असतील आणि यादीला चार जणांचे हात लागणार असतील, तर मी वर्षाकडेच बोट दाखवेन.

कुठलंही निवडलं तरी पुढचा उपसर्ग किमान तीन अक्षरांचा घ्या आणि तो आधीच कुणी वापरलाय का ते स्ट्रासबुर्गच्या खगोलीय माहिती केंद्राच्या नामकोशात बघा. तिथे नवीन उपसर्गाची नोंदही करता येते, आणि ती पेपर छापायच्या आधी केलेली बरी.