काळे ऑइल, जुना फिल्टर आणि चार लिटरचे बिल

गाडीचे इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावे, या साध्या प्रश्नाच्या आडून आमच्याकडून सुमारे अडीच वर्षे पैसे उकळले गेले. ज्या सर्व्हिस सेंटरने हे केले, त्याच्याविरुद्धची तक्रार सध्या सुरू असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र ही फसवणूक कशी केली जाते हे तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा प्रत्येक टप्पा वरवर पाहता गाडीच्या काळजीसारखाच दिसतो आणि सांगणारा माणूसही अतिशय आर्जवाने बोलतो.

माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. सांगलीत विश्रामबागेतून मिरजेच्या बँकेच्या शाखेपर्यंत रोजचे जाणे-येणे आणि अधूनमधून कोल्हापूर किंवा पुणे, असे मिळून तिचे वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या आसपास चालणे होते. पूर्वी ज्या मिस्त्रींकडे गाडी जात असे, ते २०२२ मध्ये गॅरेज बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. त्यानंतर रस्त्यालगतच्या एका मोठ्या, चकाचक, सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी गाडी देऊ लागले. तेथील सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने पहिल्याच भेटीत बॉनेट उघडले, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढली, पांढऱ्या टिश्यूवर तिचे टोक टेकवले आणि तो काळा डाग माझ्यासमोर धरून म्हणाला, “मॅडम, बघा, ऑइल पार जळून गेलंय. असंच चालवलं तर इंजिन बसेल. आपल्याकडच्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये तीन हजार किलोमीटर नाहीतर तीन महिने, याच्यापुढे जाऊच नका.”

त्या काळ्या डागावरच हा सारा व्यवहार उभा आहे. इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि मळ सुटा करणारी व तो तेलातच तरंगत ठेवणारी रसायने मुद्दाम मिसळलेली असतात. ज्वलनातून निर्माण होणारी काजळी पिस्टनच्या कड्यांवर आणि तेलाच्या बारीक वाटांमध्ये साचू नये, ती तेलाबरोबर फिरावी आणि तेल बदलताना त्याच्यासोबत बाहेर जावी, अशी ही योजना आहे. साबणाच्या पाण्यात मळके कपडे घुसळले की पाणी काळे होते, तसेच हे आहे. त्यामुळे पेट्रोल गाडीचे ऑइल काही आठवड्यांत गडद होणे स्वाभाविक आहे, आणि डिझेल गाडीत तर नवे ऑइल अगदी थोड्या चालण्यातच काळेकुट्ट दिसू लागते. केवळ रंग पाहून ऑइल संपले की नाही हे कोणालाही सांगता येत नाही, आणि हे त्या अ‍ॅडव्हायझरला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. डिपस्टिकवर खरोखर घाबरावे अशी चिन्हे वेगळी असतात. दूध घातलेल्या कॉफीसारखा फेसाळ रंग दिसला तर तेलात कूलंट किंवा पाणी मिसळत असण्याची शक्यता असते, धातूची बारीक चमक दिसली तर आत झीज होत असते, आणि पातळी आपोआप वर चढून पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन तेलात उतरत असते. यांपैकी एकही गोष्ट मला कधी दाखवली गेली नाही; दाखवला गेला तो प्रत्येक वेळी काळा डागच.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी फोन येऊ लागला. गाडी दिली की जॉब कार्डवर इंजिन ऑइल चार लिटर, ऑइल फिल्टर, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुण्याचे द्रावण) आणि “इंजिन प्रोटेक्शन” नावाची एक छोटी बाटली, अशा ओळी ठरलेल्या असत. गाडी आत नेली जाई आणि ग्राहकाने काचेच्या पलीकडे वातानुकूलित खोलीत बसावे, असा तेथील शिरस्ता होता. “इन्शुरन्सच्या नियमामुळे आत येता येत नाही,” असे कारण नम्रपणे दिले जात असे. ज्या कामाचा पुरावा ते काम चालू असतानाच काय तो पाहता येतो, त्या कामापासून ग्राहकाला असे दूर ठेवले जाते.

हा प्रकार उघडकीस आला तो गाडीखाली फरशीवर पडू लागलेल्या तेलाच्या थेंबांमुळे. आमच्या शेजारचे काका एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत. ते टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळाने त्यांनी मलाच वाकून पाहायला सांगितले. ड्रेन प्लगच्या, म्हणजे जुने तेल सोडण्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेल्या बुचाच्या, कडा चुकीच्या मापाच्या पान्याने गोल झाल्या होत्या आणि त्याखालचा वॉशर पुन्हा पुन्हा तोच वापरल्यामुळे दबून गेला होता, त्यामुळे तेथून तेल झिरपत होते. मात्र काकांनी बोट ठेवले ते शेजारच्या ऑइल फिल्टरवर. त्याच्यावर धुळीचा आणि तेलाचा घट्ट थर होता, आणि काकांनी तो थर फडक्याने पुसताच खाली काळ्या मार्करने लिहिलेले “१२/२१” आणि त्यापुढे किलोमीटरचा आकडा दिसला. ते अक्षर आमच्या जुन्या मिस्त्रींचे होते. फिल्टर बसवताना त्यावर महिना आणि किलोमीटर लिहून ठेवण्याची त्यांची सवय होती. याचा अर्थ, सर्व्हिस सेंटरने ज्या ज्या वेळी बिलात नवा फिल्टर लावला होता, त्यांपैकी एकही फिल्टर गाडीला लागलाच नव्हता.

फिल्टरची किंमत शंभर-दीडशे रुपयांच्या घरातली असते, म्हणून ही चोरी क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात फिल्टर तुंबला की त्यातील बायपास झडप उघडते आणि तेल गाळले न जाताच थेट इंजिनात फिरू लागते. म्हणजे वरून दर तीन महिन्यांनी महागडे तेल ओतले जात होते आणि खाली त्याला गाळणारा भाग निकामी होत चालला होता. इंजिनाच्या काळजीच्या नावाखाली पैसे घेऊन इंजिनाचीच हानी करणे, याची मला सर्वांत जास्त चीड आली.

मग काकांनी सगळी बिले मागवून घेतली आणि गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्यांशी एकेक ओळ ताडून पाहिली. माझ्या इंजिनात फिल्टरसह तीन लिटरांपेक्षा किंचितच जास्त ऑइल मावते. बिल मात्र प्रत्येक वेळी पूर्ण चार लिटरचे होते. खरोखरच चार लिटर ओतले असते, तर डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली असती, फिरणाऱ्या क्रँकशाफ्टने ते तेल घुसळून त्यात फेस केला असता, आणि फेसाळ तेलाने बेअरिंगला नीट वंगण मिळत नाही. पातळी तर नेहमी बरोबर दोन खुणांच्या मध्ये होती. म्हणजे उरलेल्या तेलाचे पैसे घेऊन ते तेल दुसऱ्याच्या गाडीत किंवा दुसऱ्याच्या बिलात गेले. इंजिन फ्लशचा माझ्या मॅन्युअलमध्ये उल्लेखही नाही. फ्लशचे द्रावण पूर्णपणे बाहेर निघाले नाही तर नव्या तेलात मिसळून त्यालाच पातळ करते, आणि “प्रोटेक्शन”च्या बाटलीत जे असल्याचे सांगितले जाते, ती घर्षण कमी करणारी व मळ धरून ठेवणारी रसायने चांगल्या ऑइलमध्ये उत्पादकाने आधीच मोजून घातलेली असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण फसवणुकीला चिडून “दहा हजार किलोमीटरपर्यंत ऑइलला हातच लावू नका” असे सांगणेही योग्य होणार नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सर्वसाधारण वापरासाठी १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. काही गाड्यांना १५,००० किलोमीटरही दिलेले असतात. परंतु त्याच मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो आणि तो बहुतेक वेळा वाचला जात नाही. सतत छोटी अंतरे, धुळीचे रस्ते, थांबत-थांबत चालणारी गर्दीची वाहतूक, बराच वेळ गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणे, हे सारे त्यात येते. माझ्या रोजच्या पाचेक किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापतही नाही, त्यामुळे तेलात उतरलेली आर्द्रता आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. माझ्या गाडीच्या त्या तक्त्यात ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने अशी मुदत आहे, आणि आता मी तीच पाळते. सर्व्हिस सेंटर सांगत होते ती मुदत याच्याही निम्मी होती, आणि तीन महिन्यांत माझी गाडी दोन हजार किलोमीटरसुद्धा धावत नाही. तीन हजारांचा आकडा कार्ब्युरेटरच्या आणि साध्या मिनरल ऑइलच्या काळातला आहे. त्या काळात तो चुकीचा नव्हता. आजच्या इंजिनाला आणि आजच्या सिंथेटिक ऑइलला तो लावून दाखवणे म्हणजे माणसाच्या जुन्या आठवणींचा गैरफायदा घेणे आहे.

ऑइलच्या दर्जाविषयीही एक गोष्ट येथेच सांगते. माझ्या गाडीला ०डब्ल्यू-२० ग्रेडचे पातळ ऑइल लागते. जाड २०डब्ल्यू-५० ऑइल स्वस्त मिळते आणि “आपल्या उन्हाळ्यात जाडच बरं” असे सांगून ते खपवलेही जाते. परंतु थंड इंजिन सुरू होताना ते वरपर्यंत उशिरा पोहोचते, मायलेज घटते, आणि ज्या इंजिनात झडपांची वेळ तेलाच्या दाबावर बदलते तेथे त्या यंत्रणेलाही ते मानवत नाही. डिझेलची बीएस-६ गाडी असेल तर आणखी सावध राहावे. तिच्या एक्झॉस्टमधील काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी कमी राख सोडणारे ऑइल लागते, आणि चुकीचे ऑइल घातल्यास तो महागडा फिल्टर हळूहळू तुंबतो. माझ्या गाडीत त्या अडीच वर्षांत नक्की कोणते ऑइल गेले, हे आता कोणत्याही मार्गाने सिद्ध करता येणार नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये बॅरलमधून पाइपने ऑइल भरले जाते, त्यात मुळात गैर काही नाही. मात्र त्या बॅरलवरचे नाव आणि ग्रेड वाचू देण्यास कोणी खळखळ करत असेल, तर तेथे ऑइल बदलून घेऊ नये.

काकांच्या सल्ल्याने आता आमच्याकडे काम असे होते. ऑइलचा डबा आम्ही अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर विकत घेतो आणि त्याच्या झाकणाची सील-रिंग, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहून घेतो. डबा गाडीजवळच, आमच्यासमोर उघडला जातो. जुने तेल गरम इंजिनातून पूर्ण निथळू द्यायचे, ड्रेन प्लगचा वॉशर नवा घालायचा, जुना फिल्टर पिशवीत घालून आमच्या हाती द्यायचा, आणि नव्या फिल्टरवर मार्करने महिना व किलोमीटर लिहायचे, हे आधीच बोलून घेतलेले असते. उरलेले ऑइल आम्ही घरी आणतो आणि रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडतो. असे न केल्यास ते डबे गोळा करून त्यात बनावट ऑइल भरून पुन्हा विकणाऱ्यांची सोय होते. बिलावर लिटरचा आकडा दशांशासह आणि गाडीचे किलोमीटर लिहून घेतो. निघालेले जुने तेल गटारात ओतू न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल, हेही विचारून घ्यावे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ज्या छोट्या गॅरेजमध्ये आम्ही आता जातो, तेथील मिस्त्रींनी यांपैकी एकाही गोष्टीला आक्षेप घेतला नाही, उलट स्वतःहून फिल्टर आपटून त्यातले काळे तेल ताटलीत काढून दाखवले.

सर्व्हिस सेंटरला मी बिलांच्या प्रती, फिल्टरची छायाचित्रे आणि मॅन्युअलच्या पानासह लेखी पत्र दिले. उत्तर आले नाही तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र तत्काळ फोन आला आणि “कामगाराची चूक” म्हणून फिल्टरचे पैसे परत देण्याची तयारी दाखवण्यात आली. त्यासोबत, माझी आता कोणतीही तक्रार उरलेली नाही, अशा मजकुराचा कागद सहीसाठी पुढे केला गेला. मी सही केली नाही. चार लिटरच्या बिलांविषयी त्यांचे म्हणणे “थोडं सांडतं, मॅडम” एवढेच होते. न केलेल्या कामाचे आणि न घातलेल्या मालाचे पैसे घेणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याजोगी बाब आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, त्यामुळे अशी शंका आलेल्यांनी जुनी बिले फेकू नयेत, आणि पैसे परत मिळण्याच्या आशेने कोणत्याही “पूर्ण समाधान” झाल्याच्या कागदावर सही करू नये. माझ्या तक्रारीसोबत तो मार्करने लिहिलेला फिल्टरही पुरावा म्हणून जोडला आहे. तो काढताना काकांनी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र तारखेसह घ्यायला लावले होते, आणि ज्यांना असा भाग गाडीत सापडेल त्यांनीही तो गाडीला बसवलेला असतानाच आधी छायाचित्र घ्यावे.