‘ग्रँडमा’: मेनोनाइट वंशावळीचा डेटाबेस

माझं सासर कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातलं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या घराण्याचं. सासूबाईंच्या आजोळची माणसं शोधायला मी ‘ग्रँडमा’चं सशुल्क सभासदत्व घेतलं. कॅलिफोर्निया मेनोनाइट हिस्टॉरिकल सोसायटीचं हे काम. नोंदी दहा लाखांहून अधिक. प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक आहे आणि त्याचाच खरा आधार वाटतो, कारण पीटर, योहान, मारिया आणि फ्रीझन, पेनर, वीब हीच नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. बायका माहेरच्या आडनावाने सापडतात, त्यामुळे आईकडून तिच्या आईकडे मागे जाता येतं. यासाठी तर मी या लोकांची मनापासून ऋणी आहे!

आजच्या युक्रेनमधल्या मोलोचना या मेनोनाइट वसाहतीपर्यंत (स्थापना 1804) पोचलात की शेजारी जुना नकाशा हवाच. ब्लूमेनोर्ट नावाचं गाव तिथेही आहे, मॅनिटोबातही आणि मेक्सिकोतही. 1874 पासून स्थलांतर करताना लोकांनी गावांची नावं सोबत नेली.

भर प्रशिया-रशियामार्गे आलेल्या घराण्यांवर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या स्विस मुळाच्या कुटुंबांनी दुसरीकडे शोधावं. बाकीच्यांनी सभासदत्व जरूर घ्या, फक्त शोधताना नावाबरोबर जन्मतारीखही टाका.