जाळ्यावर काम करणाऱ्यांसाठी आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट

फोमची जाड लाइफ जॅकेट मासेमारीच्या बोटीवर असतात, पण बहुधा केबिनमध्ये दडपलेली. ती घालून जाळे ओढणे किंवा विंचजवळ (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राजवळ) चटकन वळणे अवघड जाते, आणि खलाशी ती पहिल्या तासाभरातच उतरवतो. त्यामुळे १५० न्यूटन उत्प्लावन बलाचे (म्हणजे पाण्यात वर उचलून धरणाऱ्या जोराचे) आपोआप फुगणारे हे जॅकेट मी मुख्यतः एका कसोटीवर पाहिले : कामाची पाळी संपेपर्यंत ते अंगावर राहते का?

राहते. खांद्यांवरून उतरणाऱ्या दोन अरुंद पट्ट्यांत फुगा घडी करून ठेवलेला असल्याने हात मोकळे राहतात आणि वरचे आवरण ओल्या फडक्याने पुसता येते. मानेवर फुगा भरणाऱ्या वायूच्या सिलिंडरचा भार जाणवतो, पण त्याची सवय होते. मात्र जॅकेट रेनकोटच्या वरच घालायला हवे. आत घातल्यास फुगताना छाती आवळली जाते.

खरेदीचा खरा निर्णय ट्रिगरचा, म्हणजे पाण्यात पडताच सिलिंडर उघडून फुगा भरणाऱ्या कळीचा आहे. स्वस्त प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी स्प्रिंग अडवून धरते. डेकवर लाट आली किंवा जॅकेट दमट जागी पडून राहिले, की हीच गोळी मऊ होते आणि ऐन कामात फुगा उघडतो. असे एकदा घडले, की खलाशी गोळी काढून टाकतात. मग उरते फक्त दोरी ओढून फुगवायचे जॅकेट, आणि दोराचा तडाखा बसून बेशुद्ध पडलेला माणूस दोरी ओढू शकत नाही. जलदाबावर चालणारा ट्रिगर सुमारे १० सेंटीमीटर पाण्याखाली गेल्यावरच सुटतो. पाऊस आणि तुषार त्याला हलवत नाहीत. तो महाग आहे, पण डेकसाठी दुसरा पर्याय मी सुचवणार नाही.

शांत पाण्यात, बूट आणि रेनकोटसह घेतलेल्या चाचणीत फुगा काही सेकंदांत भरला आणि तोंड वर राहिले. जांघेतील पट्टा न बांधल्यास मात्र जॅकेट कानांपर्यंत सरकते, आणि उत्पादकाने हाच पट्टा वेगळा विकावा, हे समजण्यापलीकडचे आहे. अंगावर जाड कपडे असतील तर त्यांत अडकलेली हवा माणसाला उताणे वळू देत नाही. अशा ठिकाणी २७५ न्यूटनचे जॅकेट घ्यावे.

गळ, सुरी आणि माशांचे काटे यांच्यापुढे आवरण दुबळे आहे. फुग्याला बारीक छिद्र पडले तरी वरून काहीच दिसत नाही, म्हणून अधूनमधून तोंडाने फुगवून रात्रभर तसेच ठेवावे आणि ३३ ग्रॅम वायूचा सिलिंडर घट्ट बसला आहे का, तेही पाहावे, कारण इंजिनाच्या थरथरीने तो सैल होतो. वेल्क्रोत साचलेले खवले नियमित काढावे लागतात.

ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या) आणि पर्ससीन (माशांच्या थव्याभोवती जाळे टाकणाऱ्या) बोटींसाठी माझी शिफारस स्पष्ट आहे, पण बदली सिलिंडर आणि ट्रिगर बोटीवर असतील तरच. एकदा फुगलेले जॅकेट त्यांच्याविना पुन्हा आपोआप फुगत नाही. लांब दोरीवर गळ लावणाऱ्याला मात्र मी ५० न्यूटनचे फोमचे कामाचे जॅकेट देईन. ते बेशुद्ध माणसाला उताणे करत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. तरी गळाने भोसकले गेले तरी ते तरंगायचे थांबत नाही.