मुलांचा ताबा: कोर्टाचा निकाल की संमतीच्या अटी?

कुटुंब न्यायालयात पहिल्या दोन-तीन तारखांतच समुपदेशक विचारतात, ‘मुलीचं तुम्ही दोघं बसून ठरवताय, की कोर्टानं ठरवायचं?’ नुसता रिवाज म्हणून विचारत असतील, असं मला वाटलं होतं. पण तडजोडीचा प्रयत्न करणं हे १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं कोर्टाचं कर्तव्यच ठरवलंय. मी तेव्हा ‘कोर्टानं ठरवू दे’ म्हणालो. दीड वर्षानं त्याच खोलीत परत जाऊन संमतीच्या अटींवर, म्हणजे दोघांनी मिळून ठरवून लिहिलेल्या कलमांवर, सही केली. दोन्ही वाटांनी चालून झालंय, म्हणून लिहितोय.

आधी कोर्टाबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज फार. ‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, नंतर बापाकडे’ असं नातेवाईक छातीठोकपणे सांगतात. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल ‘सर्वसाधारणपणे’ आईकडे, इतकंच आहे. नंतर ते आपोआप बापाकडे जात नाही. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतं. १८९०चा पालक आणि पाल्य कायदाही मुलाचं वय, सांभाळणाऱ्याची वागणूक आणि कुवत बघायला सांगतो. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याचा कलही विचारात घेतात. नुसता पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. न्यायाधीश मॅडमनी तिला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं, आम्ही दोघं बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘त्यांनी माझ्या मैत्रिणींची नावं विचारली. डब्यात काय आवडतं ते पण.’ इतक्या जपून कुणी तिच्याशी त्या वर्षात बोललं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. त्यामुळे कोर्टात मुलाची परवड होते, असं मी सरसकट म्हणणार नाही.

माझं अडलं ते वेळापत्रकापाशी. अंतरिम आदेशात भेट होती पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत. वहीत सही करायची, मग मूल भेटायचं. घड्याळ वाचायला माझी मुलगी त्या खोलीतच शिकली. छोटा काटा एकवर आला की ती स्वतःच उठून चपला घालायची. तेही मी सोसलं असतं. पण डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं, बुधवारी. ती कोळीनृत्यात होती. आदेशात बुधवार नव्हता, म्हणून अर्ज दिला. कोर्टानं समोरच्या बाजूचं म्हणणं मागवलं, पुढची तारीख पडली एकोणीस दिवसांनी. तोवर स्नेहसंमेलन होऊन गेलं. तिच्या आईची मुळात हरकतच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. सगळं वकिलांमार्फत बोलायची इतकी सवय झाली होती की सरळ एक फोन करावा, हे दोघांनाही सुचलं नाही.

त्या एका बुधवारानं माझं मत फिरलं. निकाल कितीही न्याय्य असला, तरी गॅदरिंग, ताप, मामाचं लग्न हे सगळं त्याला आधी कसं ठाऊक असणार?

संमतीच्या अटींत ते लिहिता येतं, मात्र लिहावं लागतं. ‘वाजवी भेट मिळेल’ एवढ्यावर सही करू नका; वाजवी म्हणजे काय, यावरच पुढची भांडणं होतात. आमच्या अटींत सुट्टीचे दिवस आहेत, दिवाळीतला पाडवा आणि भाऊबीज दरवर्षी आलटूनपालटून आहे, कुणी कुठून न्यायचं-आणायचं ते आहे. रात्री आठचा व्हिडिओ कॉल आहे. मूल एका पालकाकडे असताना दुसऱ्याशी असं बोलणं व्हायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंच आहे. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ: ‘दोघांच्या लेखी संमतीने, व्हॉट्सॲपवरील संदेशासह, दिवस बदलता येईल.’ विधी आयोगानं २०१५च्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मुलाचा ताबा दोघांकडे मिळून असण्याची, शिफारस केली. कायदा तसा बदललेला नाही, पण दोघांचं जमत असेल तर अटींत ते आजही लिहून घेता येतं.

अटी हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाचा, भाग झाल्या की त्या मोडणं सोपं नसतं. आणि कोर्ट डोळे मिटून शिक्का मारत नाही; मुलाच्या हिताचं नसेल ते नाकारू शकतं.

तरी ही वाट सगळ्यांसाठी आहे असं म्हणवत नाही. घरात मारहाण असेल, व्यसन असेल, मूल परदेशी पळवून नेण्याची भीती असेल, तर समजुतीच्या गोष्टींत दिवस घालवू नका. आधी कोर्टाचा आदेश हातात घ्या. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी तेच केलं आणि ते बरोबरच होतं. बाकी ठिकाणी, निदान माझ्या अनुभवात, प्रतिज्ञापत्रांत एकमेकांचे दोष लिहायला सुरुवात होण्याआधी समुपदेशकांच्या खोलीत चार तास जास्त बसलेलं बरं. मी लिहिलेली काही वाक्यं अजून त्या फाइलमध्ये आहेत. मुलगी मोठी झाल्यावर ती वाचू शकेल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या अटींत आजारपणाचं राहून गेलं होतं. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थितीप्रमाणे बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून यंदा दोघांच्या सहीनं दुरुस्तीचा अर्ज दिला: दवाखान्यात न्यायची वेळ आली तर वार कुणाचाही असो, दोघांनी यायचं.