पाढे पक्के करायचे: घोकणं, रुमाल, तांबोला की पाटी?

तिसरीचा वर्ग, चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. पाढे खेळातून घ्यायचे असतील तर खेळ निवडताना एकच बघावं: तेवढ्या वेळात प्रत्येक मूल स्वतः किती वेळा आठवतं?

एका सुरात घोकण्याला उगाच नावं ठेवू नयेत. 'बे एके बे, बे दुणे चार' या चालीने क्रम जिभेवर बसतो. नवा पाढा तिथूनच सुरू करावा. पण मधूनच 'सात आठे?' विचारलं की मूल मनातल्या मनात 'सात एके सात'पासून चढत येतं. शिवाय नुसते ओठ हलवणारे पकडता येत नाहीत.

रुमाल उचलायच्या खेळात मैदान दणाणतं, पण डोकं चालतं दोघांचंच. शनिवारच्या कवायतीनंतर ठीक आहे.

तांबोला याहून बरा. नऊ घरांत मुलांनी उत्तरं भरायची, बाईंनी फक्त 'सात आठे' पुकारायचं. छप्पन्न आपल्याकडे आहे का, हे बघायला प्रत्येकाला हिशोब करावाच लागतो. मात्र एखादं चुणचुणीत पोर उत्तर ओरडलं की बाकीच्यांचं काम संपलं. म्हणून 'बोलला त्याचं एक घर बाद' हा नियम आधीच सांगायचा. तरीही उत्तर समोर लिहिलेलं असतं, नुसतं ओळखायचं असतं.

माझं मत पाटीला. प्रश्न, पाच आकडे मोजायचे, 'दाखवा!' चाळीस पाट्या वर. सात आठे चोपन्न कुणी लिहिलंय, शेजाऱ्याच्या पाटीत कोण डोकावतंय, सगळं एका नजरेत. सगळ्यांची तोंडं फळ्याकडे असली की बुजऱ्या मुलाची चूकही बहुतेक बाईंनाच दिसते.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर उतारे देऊन प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. ते पाढे नव्हते, पण घोकून झाल्या झाल्या घेतलेली परीक्षा का फसवते, ते यातून कळतं.

तेव्हा नवा पाढा दोन दिवस घोकून घ्या. मग रोज पाच मिनिटं पाटी, त्यात कालचे आणि मागच्या आठवड्याचे पाढे उलटसुलट मिसळून. तांबोला आठवड्यातून एकदा. पाट्या कमी पडल्या तर पाठकोरे कागद चालतात.