‘एकदाच पैसे, आयुष्यभर सगळं फुकट’ बॉक्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ऑनलाइनही टीव्हीला जोडायचा हा अँड्रॉइड बॉक्स दर वेळी नव्या नावाने मिळतो. तळहाताएवढा काळा डबा, त्यावर ‘८के’, ‘८ जीबी + १२८ जीबी’, ‘अँड्रॉइड १३’ असे स्टिकर, आणि सोबत विक्रेत्याचं तोंडी आश्वासन: सगळे ओटीटी, सगळे चॅनेल, महिन्याचा खर्च शून्य. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. तेच सर्किट पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोक्यातून विकलं जातं, त्यामुळे नाव लक्षात ठेवून उपयोग नाही.

निकाल आधीच सांगतो: घेऊ नका. चोरीच्या कंटेंटचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी वस्तू म्हणूनच ही फसवणूक आहे.

सेटिंगमधल्या ‘अबाउट’वर विसंबू नका. तिथले आकडे फर्मवेअर (बॉक्सचं मूळ सॉफ्टवेअर) बनवणाऱ्याने हाताने टाकलेले असतात. सीपीयू-झेड किंवा आयडा६४ हे ॲप टाकून एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) बघा. अँड्रॉइड १० ची लेव्हल २९ असते, १३ ची ३३. ‘अँड्रॉइड १३’ मिरवणाऱ्या या बॉक्सवर २९ दिसते. चिप ऑलविनर एच३१३, म्हणजे चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर. ८के हिच्या आवाक्यातलं नाही, ४के कसंबसं निघतं. स्टोरेजची खरी परीक्षा पेन ड्राइव्हने होते. चार-पाच जीबीच्या फाइल एकामागून एक कॉपी करत जा. खरी जागा संपली की कॉपी अडकते, किंवा झालेली दिसते पण फाइल उघडत नाही. इथे ११ जीबीच्या आसपास गाडी थांबली, म्हणजे आत १६ जीबीची चिप आहे. रॅम २ जीबी. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा, त्यामुळे २०० एमबीपीएसचा फायबर घेऊन या डब्यापुरता काहीच फरक पडत नाही.

उष्णता हे दुसरं दुखणं. प्रोसेसरवर पत्र्याचा एक पातळ तुकडा चिकटवलेला असतो. १०-बिट एचईव्हीसी (जास्त दाबून लहान केलेल्या व्हिडिओची) फाइल तासभर चालली की चित्र अडखळतं आणि मग बॉक्स आपोआप रीस्टार्ट होतो. पण रीस्टार्टचं खापर लगेच उष्णतेवर फोडू नका. सोबतच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असलं, तरी यूएसबी हार्ड डिस्क लावली की व्होल्टेज खाली येतं. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावून बघा. रीस्टार्ट थांबले तर दोष अडॅप्टरचा, नाही थांबले तर उष्णतेचा. बॉक्स केबलच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवणं हा नेहमीचा घोटाळा; खालची उष्णता थेट वर जाते.

एक बारीक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, आणि हे बॉक्स एचडीएमआयवर ६० हर्ट्झ सोडतात. बातम्यांखालची सरकती पट्टी आणि क्रिकेटमध्ये बॉलमागे धावणारा कॅमेरा झटके देत चालतो तो यामुळे. लोक इंटरनेटला शिव्या देतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी ५० हर्ट्झ निवडलं की पट्टी सरळ चालते. सिनेमा मात्र २४ फ्रेमचा, त्यासाठी पुन्हा बदल करा. फ्रेम रेट आपोआप जुळवण्याची सोय चांगल्या टीव्ही स्टिकमध्ये असते, यात नाही.

आता मूळ गोम. रीतसर पैसे भरून घेतलेलं सबस्क्रिप्शनही या बॉक्सवर धड चालत नाही. ओटीटी कंपन्या एचडी चित्र देताना वाइडवाइन (गुगलची कॉपीबंदीची व्यवस्था) एल१, म्हणजे तिची सगळ्यात वरची पातळी, मागतात; या बॉक्सवर सगळ्यात खालची एल३ असते. डीआरएम इन्फो नावाचं छोटं ॲप टाकलं की ‘सिक्युरिटी लेव्हल’ समोर येते. एल३ असेल तर बहुतेक ॲपवर ४८०पीच्या आसपास चित्र मिळतं. नेटफ्लिक्सला तर एल१ बरोबरच स्वतःचं वेगळं प्रमाणन लागतं. ते नसल्यामुळे मोबाइलचं ॲप कोंबलेलं असतं आणि रिमोटमधला माउसचा बाण फिरवत बसावं लागतं. आत अँड्रॉइड टीव्ही नाहीच, टॅब्लेटच्या अँड्रॉइडवर टीव्हीसारखा दिसणारा लाँचर (होम स्क्रीन) चढवलेला आहे. म्हणजे उद्या सरळ मार्गाने बघायचं ठरवलं तरी हा डबा कामाचा नाही.

चॅनेलचं ॲप पहिले काही आठवडे छान चालतं. मग ‘सर्व्हर बदललाय’ असा व्हॉट्सॲप मेसेज येतो, नवी एपीके (ॲपची फाइल) येते, आणि थोड्याच दिवसांत ‘रिन्यूअल’चा क्यूआर कोड. विकणारा रीसेलर असतो, सर्व्हर त्याचा नसतोच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘डायनॅमिक’ मनाई आदेशाची वाट घालून दिली, आणि २०२३ च्या ‘डायनॅमिक प्लस’ आदेशात पुढे प्रदर्शित होणाऱ्या कलाकृतींनाही संरक्षण मिळालं. बंद केलेल्या साइटची हुबेहूब नक्कल (‘मिरर’ साइट) निघाली की प्रत्येक वेळी नवा खटला लढावा लागत नाही. त्यामुळे लिंक मरण्याचा वेग वाढला आणि ॲप सतत बदलावं लागतं. भारताच्या मॅचला तर खात्रीने गोल गोल चक्र फिरतं. एकाच ठिकाणाहून उचललेला प्रवाह शेकडो गिऱ्हाइकांना वाटलेला असतो. तुमचा स्पीड टेस्ट कितीही चांगला आला तरी पलीकडचा सर्व्हर गुदमरलेला असतो.

प्रिंटबद्दल थोडक्यात: एचडीकॅम आणि एचडीटीएस म्हणजे थिएटरमधलं चित्रीकरण, कडेला डोकी आणि मधूनच सट्टेबाजीच्या ॲपची जाहिरात. वेब-डीएल म्हणजे ओटीटीवरून उतरवलेली फाइल, चित्र चांगलं. म्हणजे ज्या दिवशी चांगली प्रिंट येते, त्या दिवशी तो सिनेमा रीतसरही उपलब्ध असतो.

सगळ्यात गंभीर भाग सुरक्षेचा, आणि इथे जरा थांबायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच एका बॉक्समध्ये फर्मवेअरसकट आलेला मालवेअर उघड झाला. पुढे अशा उपकरणांच्या जाळ्याला ‘बॅडबॉक्स’ नाव पडलं, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल जाहीर इशारा दिला. पद्धत अशी: बॉक्स तुमच्या घरच्या इंटरनेटचं प्रॉक्सी म्हणून भाडं खातो. कोणीतरी परका माणूस तुमच्या आयपी पत्त्यावरून उद्योग करतो आणि लॉगमध्ये तुमचं कनेक्शन दिसतं. घरातल्या सगळ्या मोबाइलवर एकाएकी सारखे कॅप्चा (‘मी रोबोट नाही’वाल्या चाचण्या) येऊ लागले तर हीही शक्यता तपासा.

तपासायचं असं. बॉक्स वापरात नसताना, पण चालू ठेवून, राउटरच्या पानावर त्याचा अपलोड बघा. टीव्ही बंद असताना रात्रभर शेकडो एमबी वर जात असतील तर शंकेला जागा उरत नाही. मोबाइलवर फिंगसारखं ॲप टाकून बॉक्सचे पोर्ट स्कॅन करा. ५५५५ उघडा असेल तर एडीबी (बॉक्स दुसऱ्या यंत्रावरून चालवण्याची सोय) चालू आहे, म्हणजे नेटवर्कवरच्या कोणालाही आत शिरता येईल. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ते बंद करता येतं, पण काही बॉक्स रीस्टार्टनंतर पुन्हा उघडतात. फॅक्टरी रीसेटने मालवेअर जात नाही, कारण तो सिस्टिम पार्टिशनमध्ये असतो आणि रीसेट फक्त तुमचा डेटा पुसतो. स्वच्छ फर्मवेअर बिननावाच्या बॉक्ससाठी सहसा मिळत नाही, आणि फोरमवर मिळणारं फर्मवेअर कोणाच्या हातचं आहे ते कोण सांगणार? सध्या बॉक्स ठेवायचाच असेल तर तो राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाका, त्यात मुख्य गुगल खातं घालू नका आणि यूपीआय असलेला मोबाइल त्याच नेटवर्कला जोडू नका.

कायद्याचं सांगायचं तर विकणारा आणि चालवणारा यांची मान जास्त अडकते. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार सिनेमाचं बेकायदा रेकॉर्डिंग आणि प्रसार यांना तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि किमान ३ लाख ते ऑडिट झालेल्या एकूण निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात तर एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला व्हिडिओ पायरेट बसले आहेत.

याच्या जागी काय? जुन्या टीव्हीला प्रमाणित गुगल टीव्ही किंवा फायर टीव्ही स्टिक, किंवा फायबरच्या प्लॅनसोबत येणारा बॉक्स. घेताना रिमोटवर नेटफ्लिक्स आणि प्राइमची अधिकृत बटणं आहेत एवढ्यावर न थांबता, चालू करून वाइडवाइन एल१ आणि गुगल टीव्ही असेल तर प्ले स्टोअरमधलं प्रमाणनही बघा. १०८०पीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस पुरतात. एचडी तासाला साधारण ३ जीबी खातं. १०० एमबीपीएसवर चौघांचं घर सुखाने चालतं.

खर्चाची युक्ती म्हणजे सगळं एकदम न घेणं. महिन्याला एकच प्लॅटफॉर्म, यादी संपली की बंद. नेटफ्लिक्सचा १९९ चा बेसिक प्लॅन एका स्क्रीनला पुरतो. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ यादीत जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) त्याच दिवशी रद्द करा. भरलेला महिना बहुतेक ठिकाणी पूर्ण मिळतो. आजी-आजोबांना सह्याद्री हवं असेल तर डीडी फ्री डिश आहेच, मासिक भाडं नाही, छत्री ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ कडे लावायची.

मात्र रीतसर बाजूलाही दोष आहेत, आणि बॉक्सवाल्यांचं दुकान त्यावरच चालतं. पैसे भरूनही जाहिराती दिसतात. प्राइमने जून २०२५ पासून त्या आणल्या आणि त्या टाळायला वर्षाला ६९९ वेगळे लागतात. मराठी सिनेमा झी५, प्राइम, सोनी लिव्ह, अल्ट्रा झकास असा विखुरलेला, आणि करार संपला की एका जागेवरून गुपचूप निघून जातो. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला विकून दाखवली होती. स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू लोक घेतात. आज किंमत परवडते, पण शोधाशोध परवडत नाही. जुन्या मराठी सिनेमांसाठी आधी यूट्यूबवर हक्कधारकांचे चॅनेल बघा, बऱ्याच गोष्टी तिथे पूर्ण आणि बऱ्या प्रिंटमध्ये मिळतात. आरसा फिरवल्यासारखं उलटं चित्र किंवा मुद्दाम चढवलेला आवाज दिसला तर तो अपलोड चोरीचा. कॉपीराइटची आपोआप होणारी पकड चुकवायला तसं करतात.

बॉक्स आधीच घरात असेल तर कोणाला भेट देऊ नका. त्यातून गुगल खातं काढा, मग मोबाइलवर खात्याच्या ‘सिक्युरिटी’मधल्या उपकरणांच्या यादीतून तो साइन-आउट करा, वायफायचा पासवर्ड बदला आणि डबा ई-कचऱ्यात द्या. एचडीएमआय केबल ठेवून घ्या, ती चांगली निघते.