घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी : पत्त्यांचा कारभार कसा चालतो

लॅमिंग्टन रोडवर राउटर घ्यायला गेले की अँटेना किती आणि वेग किती हे दुकानदार आवर्जून सांगतो. पण तो राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते कसे वाटतो आणि बाहेर जाणाऱ्या माहितीवरचा पत्ता कसा बदलतो, हे तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. मुलुंडच्या घरासाठी मी तिथून एक वापरलेला राउटर घेतला, तो केवळ त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही, राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवता येणारी, मुक्त प्रणाली चालते म्हणून. हे परीक्षण त्या राउटरचे नसून प्रणालीचे, आणि त्यातही वरील दोन कामांपुरतेच आहे.

२००४ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची मुळे लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये आहेत, आणि नावातली अक्षरेही तिथलीच. प्रणाली बसवल्यावर वायफाय सहसा बंद असते आणि पासवर्ड ठरवलेला नसतो, त्यामुळे सुरुवात लॅन केबलनेच करावी लागते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकले की लुसी नावाचे नियंत्रण-पान उघडते. ते दिसायला रुक्ष आहे, पण कोणती गोष्ट कुठे असेल याचा अंदाज चुकत नाही.

पत्ते वाटण्याचे, म्हणजे डीएचसीपीचे, काम डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम करतो. मूळ मांडणीत १९२.१६८.१.१०० पासून २४९ पर्यंतचे पत्ते बारा तासांच्या मुदतीने दिले जातात आणि १०० च्या खालचे आपल्या हातात राहतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, टीव्ही यांसारख्या एका जागी राहणाऱ्या यंत्रांसाठी ‘स्टॅटिक लीजेस’ या पानावर मॅक पत्त्यापुढे (यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या ओळख-क्रमांकापुढे) हवा तो आयपी, म्हणजे जाळ्यातला पत्ता, लिहून ठेवला की ते यंत्र केव्हाही चालू केले तरी त्याला तोच पत्ता मिळतो. प्रत्येक यंत्रात जाऊन पत्ता हाताने भरण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सोयीची आहे, कारण सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते. फोनच्या बाबतीत मात्र थोडी दक्षता हवी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन वायफायवर खरा मॅक पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगतात. घरच्या वायफायपुरती ती सोय बंद केली, तरच फोनसाठी केलेली नोंद भरवशाची ठरते.

माझी खरी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. मुंबईतल्या बहुतेक फायबर जोडण्यांवर कंपनीचे किंवा केबलवाल्याचे यंत्र आधीपासून असते आणि तेही बहुधा १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटते. आपला राउटर त्याच्या मागे जोडला की दोन्ही बाजूंना एकच मालिका येते आणि इंटरनेट चालत नाही. उपाय सोपा आहे, लॅनचा, म्हणजे घरच्या जाळ्याच्या बाजूचा, राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी करायचा. पण लुसी कोणताही बदल लागू केल्यावर नव्वद सेकंद वाट पाहते आणि तेवढ्यात ब्राउझरचा संपर्क झाला नाही तर तो बदल मागे घेते. एरवी अत्यंत उपकारक असलेली ही व्यवस्था नेमकी इथे आडवी येते, कारण पत्ताच बदलल्याने जुन्या पानावरून संपर्क होत नाही. केबल काढून पुन्हा लावून नव्या पत्त्यावर वेळेत पोहोचावे लागते, किंवा खात्री न करता बदल लागू करण्याचा पर्याय निवडावा लागतो.

पत्ता बदलण्याचे, म्हणजे नॅटचे, काम फायरवॉलच्या पानावर आहे आणि मला या प्रणालीतला सर्वांत चांगला भाग तोच वाटला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवल्या. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीवर स्वतःचा पत्ता लावतो, गरज पडल्यास पोर्ट क्रमांकही (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचा क्रमांक) बदलतो, आणि आलेले उत्तर कोणाचे हे आपल्या तक्त्यात पाहून आत पोहोचवतो. ओपनडब्ल्यूआरटीत लॅन आणि वॅन (इंटरनेटकडची बाजू) असे दोन विभाग मांडलेले दिसतात आणि वॅनपुढच्या ‘मास्करेडिंग’ या चौकटीतली खूण म्हणजेच हे सारे काम. पोर्ट फॉरवर्डचे, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचे, नियम वेगळ्या पानावर असतात, आणि बाहेरचा पत्ता वापरून घरातूनच रेकॉर्डर पाहण्याची सोय त्या नियमांत मूळचीच चालू असते. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला जुना राउटर पुरतो. पाचशेच्या जोडणीवर त्याचा प्रोसेसर थकू लागला तर त्याचा भार हलका करणारी ‘फ्लो ऑफलोडिंग’ ही सोय चालू करून पाहावी.

कंपनीचे यंत्र ब्रिज करून घेऊन (म्हणजे ते नॅट न करता माहिती नुसती पुढे पाठवेल असे करून) पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे, नाव आणि पासवर्ड आपल्याच राउटरमध्ये भरले, तर घरातले दुहेरी नॅट टळते. त्यानंतरही वॅनवर १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला, तर कंपनी स्वतःच आणखी एक नॅट करते आहे असे समजावे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डचे नियम कितीही नेटके लिहिले तरी बाहेरून कोणी आत पोहोचत नाही, आणि हा दोष ओपनडब्ल्यूआरटीचा नव्हे. कंपनीकडून वेगळे शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे किंवा आयपीव्ही६, म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती, वापरणे हे दोन मार्ग उरतात. त्यांपैकी दुसऱ्या मार्गात पत्ता बदलावा लागत नाही, मात्र फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती वाट स्वतंत्रपणे उघडावी लागते.